समोरच्याचं म्हणणं

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी गुडघ्याची चौकशी कर, राजकारण मागाहून, असं हिने बजावलं आहे. म्हणून विचारतो, गुडघा कसा आहे? चौकशी संपली.

पक्षाच्या अधिवेशनात ठराव आणायचा हे कार्यकारिणीत पक्कं झालं आणि सरचिटणीस म्हणून तो मांडायचं माझ्या गळ्यात आलं. कोणाकडूनही वर्षाला त्याच्या एका दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त वर्गणी घ्यायची नाही, हा आपला जुना नियम रद्द करावा, असा ठराव आहे. एक बिल्डर कचेरीसाठी अख्खा मजला द्यायला तयार आहे, पूर्णवेळ कार्यकर्त्यांचे पगारही. तू नाक मुरडशील. पण सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत बसून मी रोज काय बघतो, ते तुला दिसत नाही. आपली तरणी माणसं एकेक करून दुसरीकडे चालली आहेत, कारण तिथे त्यांचं घर चालतं. स्वच्छ राहून संपून जाण्याला मी तत्त्व म्हणत नाही.

विरोधात बोलायला तुमच्या शाखेने तुझं नाव दिलं आहे. म्हणजे पक्षाची रीत मला तुझ्यावरच चालवायची आहे. आधी तुझी बाजू मी मांडायची, आणि हेच माझं म्हणणं, असं तू भर सभेत कबूल करेपर्यंत मला स्वतःचं एक अक्षर बोलता येणार नाही. तेव्हा तुझं म्हणणं कळव. भाषण नको, म्हणणं. लहानपणी जेवताना भाषणं ठोकून तू माझं ताट गार केलंस, तेवढं पुरे.

निकाल कसाही लागो, लोभात कपात नको.

तुझा,
भाऊ

—

ता. ११ जून

चि. भावड्यास,
अ. उ. आ.

मला भाषण नको म्हणणं म्हणजे गळक्या नळाला टपटपू नको म्हणणं. तरी आवरतं घेते.

हमाल एका दिवसाची कमाई देतो, डॉक्टरही एका दिवसाचीच देतो. म्हणून सभेत दोघांचा आवाज सारखा असतो. एकाच माणसाने सगळ्यांच्या वरताण दिलं, की बाकीच्यांचं देणं चिल्लर होतं आणि बोलणंही. हजारोंच्या हातांवर उभा असलेला पक्ष कोणाच्या बापाला भीत नाही. एकाच्या खांद्यावर बसलेला पक्ष आधी त्याची मान कुठे वळते ते बघतो, मग बोलतो. आपल्याला निवडणूक जिंकायची आहे की खांदा शोधायचा आहे, हे आधी ठरवा!

आता एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. आमच्या शाखेने डाव रचला आहे. तू काहीही मांडलंस तरी हे माझं म्हणणं नव्हे, असंच मी म्हणत राहायचं. संध्याकाळी अधिवेशन संपेल, ठराव मताला येणारच नाही, नियम वाचेल. आमचा चिटणीस, तो शिंपी, म्हणाला की ताई, खोटं फक्त एका शब्दाचं आहे आणि तेही पक्षासाठी. मी त्याला चांगलंच झापलं. पण खरं सांगू? तेव्हापासून तो शब्द माझ्या जिभेवर घोळतो आहे. मी तुला वचन देत नाही.

गुडघा कुरकुरतो, माझ्याइतकाच. वेळेवर जेवत जा. रागावते ते मायेपोटी, एवढं धरून चाल.

ताई

—

ता. १७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी बाजू मी हिच्यासमोर मांडून पाहिली. ही भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, की हे ऐकून ताई म्हणजे नव्या जगाला घाबरलेली म्हातारी वाटते. अशा बाईला हरवण्यात कसली मर्दुमकी? मी चिडलो. मग तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं. अजून वाचतो आहे.

शाखेच्या डावाबद्दल मी कोणाजवळ बोललो नाही, बोलणारही नाही. तू शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिलीस तर मी खाली बसेन. तो नकार खरा की खोटा, हे त्या सभागृहात फक्त मला कळेल. तक्रार करणार नाही. फक्त त्यानंतर तुझ्याकडे आलो तर कुठे बघून बोलायचं, ते तूच सांग.

हिचा नमस्कार. माझ्यावर आहे त्याहून जास्तच लोभ हिच्यावर ठेव, तिचा पक्ष तुझा आहे.

भाऊ

—

ता. २९ जून

चि. भावड्यास,
अ. उ. आ.

अभिनंदन. मनापासून आणि दातओठ खाऊन.

शाखेने मला अध्यक्षपदावरून काढलं. शिंपी रस्त्यात समोर आला की दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो. इतका वाचनाचा नाद त्याला आधी असता तर!

तू विचारलं नाहीस तरी सांगते. माझे पहिले दोन्ही नकार खरे होते. आधी तू म्हणालास की मला गरिबीचं कौतुक आहे. मुळीच नाही, मला पंखा आवडतो. मग म्हणालास की बिल्डरच्या हेतूवर माझा संशय आहे. तोही नाही, असेल बिचारा देवमाणूस. तिसऱ्यांदा तू हातातला कागद खिशात घातलास आणि म्हणालास, की तो आपल्याला गप्प बसवेल ही ताईची भीतीच नाही. त्याने तोंड उघडण्याआधीच आपण आपणहून गप्प बसायला लागू, ही आहे.

भावड्या, मलाही हे इतकं नीट सुचलं नव्हतं. मागे बसून शिंपी नाही म्हण, नाही म्हण अशी जोरजोरात मान हलवत होता. एक शब्द पुरे होता. पण समोरचा मला ऐकून घेईल, या एकाच भरवशावर मी जन्मभर बोलत आले. ज्याने मला माझ्यापेक्षा नीट ऐकलं, त्यालाच तू ऐकलं नाहीस म्हणून सांगायचं? मग वाचवलेला नियम घेऊन मी कोणत्या तोंडाने फिरणार होते? म्हणून हो म्हणाले. आणि हरले. वाईट वाटतं, पण झोप लागते.

आशीर्वाद आहेतच, जिंकल्याच्या तोऱ्यात लोभ विसरू नकोस.

ताई

—

ता. १६ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नव्या कचेरीतलं हे पहिलं पत्र. खिडक्या ऐसपैस आहेत. पूर्णवेळवाल्यांचे पगार झाले. आपल्या टायपिस्टने बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. हे मुद्दाम लिहितो, कारण ठरावाने हेही झालं आहे.

काल बिल्डर येऊन गेला. तू चुकलीस असं तुला ठणकावून लिहायचं, म्हणून मी त्याच्या शब्दाशब्दाकडे कान लावून होतो. त्याने काही मागितलं नाही, काही सुचवलं नाही. चहा घेतला, मुलीच्या परीक्षेचं विचारलं आणि उठला. खरंच भला माणूस आहे.

तो गेल्यावर माझं टेबलाकडे लक्ष गेलं. कालव्याकाठच्या झोपड्या पाडण्याविरुद्धचं पत्रक मी सकाळीच लिहून ठेवलं होतं. ते पालथं पडलेलं होतं. मीच घातलं होतं, दार वाजलं तेव्हा. ती जमीन त्याची नाहीसुद्धा, ताई.

हे हिलाही अजून सांगितलेलं नाही. तू हो म्हणालीस तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. तू नाही म्हणावंस असं तेव्हाही वाटलं होतं. आता काय करू?

रागव, पण लिही. लोभाला पात्र नसलो तरी तो राहू दे.

भाऊ

—

ता. १९ जुलै

चि. भावड्यास,
अ. उ. आ.

मी म्हटलं नव्हतं का, असं म्हणायची संधी आयती चालून आली आहे. सोडून देते, त्याचे उपकार मान.

टायपिस्टच्या बायकोचे डोळे माझ्या नियमाने बरे झाले नसते, हे मला कबूल आहे. पगार कुठून द्यायचे हे मलाही ठाऊक नाही. शनिवारी येते, तेव्हा दोघं डोकं खाजवू. पण पत्रक शनिवारपर्यंत थांबवू नकोस. आजच छापायला दे आणि खाली तुझं नाव घाल. मजला गेला तर पुन्हा सायकलवाल्याच्या डोक्यावर बसू. नाही गेला, तर मी चुकले असं भर सभेत सांगेन. माझं भाषण ऐकायला शिंपीसुद्धा येईल.

आणि पहिली प्रत टपालाने पाठवू नकोस. बिल्डरच्या घरी स्वतः जा, त्याच्या हातात दे, आणि तो वाचून होईपर्यंत तिथेच बस.

तुझी, हरलेली आणि तुझ्यावर माया करणारी,
ताई