रिकामं चेंबर

४ मार्च
नवं गाव, नवी नोकरी, आणि आमच्या लेकीची, चिमणीची, शाळा हाकेच्या अंतरावर. आणखी काय हवं! माझं काम म्हणजे नुसतं बघत बसायचं, असं नवरा चिडवतो. खरंच आहे ते. चेंबरमध्ये लेझरने मिश्रधातू वितळला की वर निळसर प्लाझ्मा उठतो. त्याच्या प्रकाशातल्या रेषा पडद्यावर पाहून आत धातूची अवस्था कधी पालटली, ते मी सांगायचं. रोज सकाळी आधी रिकाम्या चेंबरचं रीडिंग घ्यायचं. त्यात जे दिसेल ते यंत्र दिवसभर वजा करतं, उरतो तो निव्वळ धातू. आत माणूस दिसला तर यंत्राचा भोंगा वाजतो, लेझर सुरूच होत नाही, असं मेस्त्रींनी बजावलं. यंत्र तेच चालवतात. बोलतात कमी, चहा पितात फार.

६ मार्च
रीडिंगचं बटण दाबलं आणि आठवलं, आतली काच पुसायची राहिली. रीडिंग चालू असतानाच शिरले, पुसली, बाहेर आले. पुन्हा रीडिंग घ्यायचा कंटाळा केला. दुपारी पोलादात लोखंडाचीच रेषा फिकी! मेस्त्री म्हणाले, मग त्यात काय साखर आहे?

७ मार्च
लोखंड रक्तातही असतं. कसं सुचलं नाही मला! रिकाम्या चेंबरच्या रीडिंगमध्ये मीच आले, यंत्र मलाच वजा करतंय. नवं रीडिंग घेतलं. रेषा फिकीच. फाटकावरच्या रखवालदाराने आज मान वर केली नाही.

९ मार्च
मेस्त्रींनी माझ्यासमोरच विचारलं, नव्या बाई आल्या नाहीत का. मी ओरडले. त्यांनी चहाचा कप माझ्या हातावर ठेवला — टेबल समजून. घरी नवऱ्याने दोनच ताटं घेतली.

१० मार्च
चिमणीला मी दिसते. तेवढंच उरलंय. पण आज शाळेच्या दारात ती कितीतरी वेळ शोधत राहिली. मी समोर उभी. हात धरला तर म्हणाली, गार लागतंय.
नाही. हिला नाही गमावणार.

११ मार्च
सहा तारखेचं ते रीडिंग यंत्रातून पुसलं. आता चेंबरमध्ये बसलेय. यंत्राला मी दिसले की भोंगा वाजेल, लेझर अडेल, मी पुन्हा माणसांत. भीती वाटते म्हणून लिहितेय.
दार लागलं. भोंगा नाही —
काचेपलीकडे नवरा, कडेवर चिमणी. मला शोधायला आलेत. चिमणे, इकडे —
तिने बोट दाखवलं. माझ्याकडे! हसतेय!
मेस्त्री वाकून बघतायत. थेट माझ्या डोळ्यांत. मान हलवली. ओठ हलले — रिकामं आहे, बाळ —
त्यांचा हात लेझरच्या बटणाकडे —
चिमणे, त्यांना सांग, मी इथे