गोळ्यांची खोली

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

इचलकरंजी,
१२ जुलै २००२

ती. सौ. आक्कास,
शिवशरणचा शरणु शरणार्थ. वि. वि.

चंदगडच्या पावसात दवाखान्यात बादल्या मांडून तू सुया टोचतेस, हे वाचून विद्याश्री हसली. आमच्या दानेश्वरीला गडहिंग्लजचं स्थळ पसंत पडलंय. मुलगा बँकेत आहे. दसऱ्याला सुपारी फोडू म्हणतात.

तुझ्या नादानं जे गळ्यात घेतलं त्याचं ऐक. आम्हा कारखानदारांचं मंडळ आणि नगरपालिकेचं आरोग्य खातं मिळून क्षयाच्या गोळ्यांचं केंद्र सुरू झालं. खोली, पाणी आमचं. गोळ्या आणि नर्स त्यांची. गोळी तिथंच, नर्ससमोर गिळायची. रोग निघाला म्हणून कुणा कामगाराला काढायचं नाही, असा ठरावही झाला. पहिला हात आमच्यातल्याच एका कारखानदारानं, बाळासोनं वर केला. आणि पहिला माणूस त्यानंच काढला. पिराजी त्याचा जुना विणकर. केंद्रात नाव लागल्याचं कळताच, घरी जाऊन इश्रांती घे म्हणाला. आता खोलीकडं कुणी फिरकत नाही. नर्स दिवसभर स्वेटर विणते.

पिराजी माझ्याकडं आलता. म्हणाला, मालक, गोळी खाऊ का भाकरी, तेवढं सांगा. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मंडळाचं सेक्रेटरीपद सोडावं म्हणतोय. मीटिंगा, चहा, ठराव, सगळ्याचा वीट आलाय. अंगात त्राण नाही. विद्याश्री म्हणते वाळलात, रात्रभर खोकता. सुताची धूळ आहे झालं.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
शिवशरण

*

चंदगड,
२४ जुलै २००२

चि. शिवशरण यास,
शांतव्वाचे अनेक आशीर्वाद.

दानेश्वरीचं वाचून बरं वाटलं. आत्याला साडी कोणती, ते आत्ताच ठरवून ठेवा.

पद सोडून घरी बसशील, बस. पण आधी पिराजीला तुझ्या मागावर घे. बाळासोला बोलून काही होणार नाही, तुझे शब्द संपलेत. मीही दमलेय रे. वरच्या वाडीतल्या एका बाईनं बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या. काल ओढा ओलांडून गेले, तर तिनं दार उघडलं नाही. आतून खोकला तेवढा ऐकू आला. परत येताना वाटलं, नोकरी संपेपर्यंत अशीच बंद दारं मोजायची का.

आता तुझं. सुताची धूळ मला सांगू नकोस. संध्याकाळी अंग तापतं का? जेवण जातं का? उद्याच्या उद्या थुंकी तपासून घे. मी नर्स म्हणून नाही, तुझा शेंबूड पुसलेली बहीण म्हणून सांगतेय.

विद्याश्रीला, पोरीला आशीर्वाद. माया असू दे.

आक्का

*

इचलकरंजी,
१८ ऑगस्ट २००२

ती. सौ. आक्कास,
शरणु शरणार्थ. वि. वि.

पिराजीला दिवसपाळीला घेतलं. बाळासो मंडळात सगळ्यांसमोर म्हणाला, पाटावर बसवून पुजा की त्याला. मी ऐकून घेतलं. भांडायला दम लागतो.

तू म्हणालीस तेच निघालं. थुंकीत जंतू आहेत. आपल्या केंद्रात नाही, मिरजेला जाऊन खाजगीत तपासलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घरी घ्या, कुणाला कळायचं कारण नाही. मलाही तेच बरं वाटतंय. गडहिंग्लजला कळलं तर सोयरीक राहील का, सांग. मी लोकांना सांगत फिरलो, यात लपवण्यासारखं काही नाही. आणि आता भर दुपारी दार लावून गोळी घेतो. पिराजी रोज विचारतो, मालक, तब्येत उतरली की तुमची. मी धूळ म्हणून सांगतो.

हे दाजींनाही बोलू नकोस.

तुझा,
शिवशरण

*

चंदगड,
२७ ऑगस्ट २००२

चि. शिवशरण,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चुलीपुढं बसून राहिले. दूध उतू गेलं.

दुसरा कुणी असता तर फडाफडा बोलले असते. दार न उघडणाऱ्या त्या बाईचा मला रागच आला होता. आता आपल्याच घराचं दार आहे, तर काय लिहू सुचत नाही. पोरीचं लग्न मोडू दे, असं आत्यानं कोणत्या तोंडानं म्हणायचं? गोळ्या कुठंही घे, पण एकही चुकवू नकोस. विद्याश्रीला आणि दानेश्वरीला तपासून घे. आणि दानेश्वरीला खरं सांग. तिच्यासाठी लपवतोयस, तर तिला विचारायला नको?

देवाला तुझंच नाव घेते.

आक्का

*

इचलकरंजी,
२७ ऑक्टोबर २००२

ती. सौ. आक्कास,
शरणु शरणार्थ. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही, हात उचलत नव्हता.

घरातल्या दोघींची तपासणी झाली, दोघी ठीक. दानेश्वरीला सांगितलं.  म्हणाली, अप्पा, लग्नानंतर त्यांना कळलं तर मला तिथं काय बोलतील? आत्ताच सांगा. मी आणि विद्याश्री गडहिंग्लजला जाऊन सांगून आलो. त्यांनी चहा दिला, तब्येत जपा म्हणाले. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे मोडलंच. दसरा कसा गेला विचारू नकोस. पोरगी रडली नाही. सगळं घर मात्र धुऊन काढलं तिनं.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. दसऱ्यानंतर मंडळाच्या खोलीत गेलो आणि नर्ससमोर तिथली पहिली गोळी गिळली. पिराजी तिथंच होता. त्यानं तांब्या माझ्याकडं सरकवला. पण संध्याकाळी सगळ्या पेठेत झालं, मालकालाच टीबी हाय. दोन कारखानदारांनी माझ्या घरचा चहा सोडलाय. बाळासो पिराजीबद्दल अजून चकार शब्द काढत नाही. मात्र त्याच्याकडं सुताच्या कांड्या भरणारी चिमणाबाई परवा खोलीत आली. मी विचारलं, मालकाला ठाऊक हाय का. म्हणाली, व्हय की, त्यांनीच धाडलं, काम ऱ्हाईल म्हणालेत.

दहावीस येतात असं नाही. पण नर्सचं विणकाम बंद पडलंय. काल बाक भरला होता आणि मी मधोमध फतकल मारून बसलो होतो. पिराजी म्हणाला, मालक, सरका की जरा, चिमणाबाई उभी हाय.

मी सरकलो.

ताप उतरलाय. भाकरी गोड लागते. दिवाळीला तू ये. दानेश्वरी माझ्याशी नीट बोलते, पण तुझ्यापाशी रडेल असं वाटतं. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
शिवशरण