आठ अक्षरांची फाईल

मी खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जुने संगणक दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. मन नाही, पण कायद्याला मनाशी देणंघेणं नसतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. तिचा भाऊ यात नाक खुपसेल, म्हणून स्पष्ट लिहितो: त्याला काही नाही. आमची एकुलती एक लेक गेल्यावर या गृहस्थाने आवराआवरीच्या नावाखाली तिच्या पलंगाशेजारचा संगणक न्हाणीघराच्या माळ्यावर, गळक्या पाइपाखाली टाकला. ते मी विसरलेलो नाही.

२. दुकानातली हत्यारं भागीदाराची. माझा बारीक स्क्रूड्रायव्हर तो नेहमी नेतो आणि परत आणत नाही. तो आता अधिकृतपणे त्याचाच.

३. लेकीच्या संगणकातली हार्ड डिस्क. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

दमटपणाने डिस्कची तबकडी आत चिकटून बसली होती. संगणकाची बॅटरीही मेलेली, त्यामुळे आपल्याला कोणती डिस्क जोडली आहे हेच तो विसरला होता. मी डिस्कच्या मापाचे आकडे हाताने भरले, तबकडी सुटावी म्हणून डिस्क तळहातावर धरून मनगटाला हिसडा दिला आणि वीज सोडली. तबकडी फिरली! पडद्यावर फाईलींची यादी आली. शेवटची फाईल लेकीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची होती. नाव इंग्रजी अक्षरांत: बाबानको.

एवढ्यात आतून खरवडल्याचा आवाज आला आणि सगळं बंद पडलं.

त्या यंत्रात फाईलचं नाव आठ अक्षरांपुढे जात नाही. बाबानको म्हणजे इंग्रजीत बरोबर आठ. पुढचं फाईलच्या आत आहे.

पत्नी म्हणाली, "अहो, 'बाबा नको घाबरू' असणार. तिला ठाऊक होतं तुम्ही किती भित्रे आहात ते."

असेलही. पण ऑपरेशन करायचं की नाही, डॉक्टरांनी ते माझ्यावर सोडलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. लेक त्या टेबलावरून परत आली नाही. 'बाबा नको आता' असंही असू शकतं. तिला कुणी विचारलं होतं?

डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेने हात टेकले. भागीदार म्हणाला, "अजून एकदा फिरेल, फार तर. मग खलास." तेव्हापासून ती डिस्क माझ्या उशाशी आहे. रोज हातात घेतो आणि ठेवून देतो. जगण्यात दुसरं काही उरलेलं नाही.

ती डिस्क आणि तिची ती एक उरलेली फेरी मी पत्नीच्या नावे करतो. हिसडा कसा द्यायचा ते भागीदार दाखवेल. आत काहीही निघालं तरी मेहुण्याला कळू देऊ नये.

४. अंत्यविधी साधा असावा. भाषणं नकोत.

५. बाळ, तू 'नको घाबरू' लिहिलं असशील, तर तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

साक्षीदार: समोरचा चष्मेवाला (सही)
आमचे नेहमीचे डॉक्टर (सही, मजकूर दोनदा वाचून केली)

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: तिच्या वाढदिवसाचा दुसरा दिवस

लिहून ठेवणार,
बाबा