टाचणी, दाढ आणि मोठी कात्री

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (शिरच तेवढं टेकवलंय, बाकीच्या अंगांना गुडघे परवानगी देत नाहीत.) तुझी तब्येत कशी आहे? भाऊजी फोनवर नेहमी 'उत्तम' म्हणतात, पण ते स्वतःची सांगतात असा माझा संशय आहे.

इकडे मी मरता मरता वाचले. म्हणजे मरत नव्हतेच, पण तयारी पूर्ण झाली होती. थकवा जाईना म्हणून रक्त तपासलं, तर सीआरपी वाढलेलं निघालं. शरीरात कुठे सूज असली की ते वाढतं म्हणे. एवढ्यावर गप्प बसले तर मी तुझी बहीण कसली? मोबाइल उघडला. सीआरपी वाढलेल्या बायकांमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त दिसलाय, असं तिथे होतं. 'थोडा' हा शब्द मी चष्मा लावूनही वाचला नाही. आपली मावशी त्यानेच गेली ना, शेवटपर्यंत 'गॅस गं, गॅस' म्हणत! मी रडत रडत वाटणी केली. शिवणयंत्र लेकीला, मोठी कात्री (जिला मी कुणाला हात लावू देत नाही, ती) तुला. नवरा म्हणाला, "आणि मला?" म्हटलं, "तुटकी बटणं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, हा आकडा म्हणजे भुंकणारं कुत्रं. कुणीतरी आलंय एवढंच कळतं. चोर की पाहुणा, ते नाही." तरी मावशीचं ऐकून त्यांनी सोनोग्राफीला धाडलं. पाणी पिऊन पिऊन बसले. (बाकावरच्या सगळ्या जणी डोळे मिटून होत्या. इतकी एकाग्रता देवळातही नसते.) अंडाशयं ठणठणीत! मग बाईंनी विचारलं, "पण तुम्ही गाल का धरलाय?" कपडे बेतताना मी टाचण्या दातांत धरते ना, त्यातली एक हिरडीत घुसली होती, दाढेखाली पू झाला होता. पोटाच्या डॉक्टरला दाढ कशाला सांगायची, म्हणून मी बोललेच नव्हते. असो. दाढ गेली, मी राहिले.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी धाकटी

ता. क. तुझा ड्रेस मिळाला. पोटावर पुन्हा सैल कर म्हणतेस, आणि खांद्यात आवळ. भाऊजी म्हणतात सुखाचं पोट आहे. ताई, सुखाचं पोट खांदे सोडून वाढत नाही गं. त्यात दोन घासांत पोट भरतं, हेही तूच सांगितलंस.

ता. ता. क. डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, पोट असं फुगलेलंच राहत असेल तर रक्ताच्या आकड्याकडे बघत बसू नका, घेऊन या. सोमवारी तुझा नंबर लावलाय. पाणी मीही सोबत पिईन. ड्रेस उसवून ठेवलाय, परत हवा असेल तर ये. 'गॅस' म्हणालीस तर टाचण्या आहेतच.

आणि मोठी कात्री अजून तुझ्याच नावावर आहे. पण ती मी मेल्यावर मिळेल. तेव्हा तुला माझ्यापेक्षा जास्त जगावंच लागेल.