आधी नंबर, मग मिशा

३ मार्च
आज दुकानात एक बाई तणतणत आल्या. "तुमची साईट उघडेपर्यंत माझ्या नवऱ्याने दार तोडलं!" तुटलेलं कुलूप बाबांच्या टेबलावर आपटलं आणि चालत्या झाल्या. बाबांचं किल्ल्यांचं दुकान, फोन आला की घरी जाऊन कुलपंही उघडून देतात; साईट आतेभावाने हौसेने बनवलेली. बाबा म्हणतात, फोनच येत नाहीत, महिनाअखेरीला दुकान शेजारच्या चष्मेवाल्याला देऊन टाकतो. हसत म्हणतात. मला ऐकवत नाही ते हसणं.

४ मार्च
ऑफिसात रजा टाकली. घरच्या वायफायवर साईट झकास! म्हणून खाली जिन्यात जाऊन बसले — किल्ली आत राहिलेली माणसं जिन्यातच उभी असतात ना! रेंजची एकच काडी. आधी बाबांचा फोटो, तोही वरून खाली सावकाश. टक्कल, कपाळ, चष्मा… मिशा दिसेपर्यंत माझा चहा पिऊन झाला. मग कुलूप उघडण्याचा व्हिडिओ आपोआप सुरू. फोन नंबर पार तळाशी! आतेभावाला विचारलं तर — "अगं, शोभा नको का काही?" डोंबलाची शोभा!

५ मार्च
बाबा हटून बसलेत. फोटोला हात लावायचा नाही म्हणे. शेवटी त्यांनाच जिन्यात उभं केलं. "समजा किल्ली आत राहिली, आता बोलवा स्वतःला." बोटाने पान सरकवत राहिले. मग ओरडले, "अगं, माझा नंबर कुठाय?"

७ मार्च
फोटो इतका जड, की मिशीचा केस न् केस मोजता आला असता! नखाएवढा केला. व्हिडिओ आता दाबला तरच चालेल. नंबर सगळ्यात वर, ठळक, बोट लावलं की फोन. जिन्यातसुद्धा पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतं. मी एकटीच नाचले.

८ मार्च
एकही फोन नाही. बाबा उगाच हत्यारं पुसत बसले.

११ मार्च
सकाळपासून तीन फोन! बाबा जेवण अर्धवट टाकून पळाले. आई चिडली, पण भांडी घासताना गुणगुणत होती.

१६ मार्च
बाबा एका कुलपावर गेलेले, तेवढ्यात दुसरा फोन. बाई बाहेर, किल्ली आत, गॅसवर दूध! बाबांना तास लागणार होता. मी त्यांची हत्यारांची जुनी पिशवी उचलून धावले. सुट्ट्यांत त्यांच्याजवळ बसून शिकलेलं हातांना आठवलं. लॅच उघडलं! बाबांना अजून बोलले नाही. चष्मेवाल्याला मात्र सांगून आले — दुकान मिळणार नाही, मी बसणार आहे.