धाकोजींचं काम

खलिफा सिटी, अबुधाबी
११ जानेवारी २०२५

ती. गुणवंतदादास,
सा. न. वि. वि.

माझ्या शुभ्राचा साखरपुडा छान झाला. तू बेंडिगोहून आला नाहीस, तो राग अजून आहे. भरपाई म्हणून एक काम कर. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत मी खापरपणजोबांवर लिहितेय. बोटीवरचे खलाशी धाकोजी मेलबर्नला उतरून सोन्याच्या खाणीवर गेले, ते परत आलेच नाहीत. ते खाणीचं गाव तुझ्या जवळच आहे ना? एखादा फोटो पाठव.

काकांचा महादू उम्म अल कुवैनहून आला होता, ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्ममध्येच. व्याह्यांनी विचारलं तेव्हा मी गावाकडचा ओळखीचा, असं सांगितलं. भाऊ सांडपाण्याचा टँकर चालवतो, हे कुठे समजावत बसणार? त्याने ऐकलं नसावं.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझी,
शोभना

बेंडिगो
२ फेब्रुवारी २०२५

चि. शोभनास,
अनेक आशीर्वाद.

गाव उरलेलं नाही. निलगिरीच्या झाडांत एक पडकं धुराडं, बुजलेले खड्डे आणि दहा-बारा कबरी. इथल्या नगरपालिकेच्या जुन्या दप्तरात मात्र धाकोजींचं नाव सापडलं. सोनं त्यांनी कधी खणलंच नाही. खाणकामगारांच्या संडासांतला मैला ते गाडीतून वाहून नेत. विषमज्वराच्या साथीत बाकीचे गाडीवाले पळाले. हे राहिले आणि त्यातच गेले.

इथे ऑफिसात मी पंचवीस वर्षं खाणवाल्याचा वंशज म्हणून मिरवलो. त्या दप्तरावरून मान वर होईना.

महादूचा फोन आला होता. शुभ्रा किती गोड दिसत होती, तेच सांगत राहिला. शेवटी म्हणाला, ताईला सांगा, मी कपडे बदलून यायला हवं होतं. त्याने ऐकलं होतं, शोभना.

तुझ्यावर माया आहे, म्हणून लिहिलं.

तुझा,
दादा

खलिफा सिटी, अबुधाबी
१६ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगवत नाही, म्हणून लिहितेय. लेखात 'खाणीवर नोकरी' एवढंच घालून मोकळी होणार होते. दोन दिवस तसं ठेवलंही. मग तू कळवलंस तेच लिहून दिलं आणि काल उम्म अल कुवैनला गेले.

महादू टँकरचा पाइप गुंडाळत होता. वास येतो म्हणून त्याने मला हातानेच लांब थांबवलं. सोबतच्या खैरुद्दीनने कोण म्हणून विचारलं, तर म्हणाला, गाँव की पहचानवाली मॅडम हैं. दादा, माझेच शब्द, आणि तेही माझी अब्रू राखायला.

मी जवळ गेले. खैरुद्दीनला सांगितलं की मी याची बहीण आहे. त्याने घाईने खुर्ची पुसून दिली. महादू पाइपकडेच बघत राहिला. त्याची माफी मागितली, तर म्हणाला, चालतं हो ताई. कॅन्टीनमधून चहा आणून पाजला.

निघताना म्हटलं, शुभ्राच्या लग्नात मामा म्हणून तूच उभा राहा. म्हणाला, त्या दिवशी ड्यूटी आहे.

तारीख मी अजून सांगितलीच नव्हती.

तुझ्या मायेला मी आज पात्र नाही, तरी ती असू दे.

शोभना