चोरीच्या फुलांची लाखोली

११ मे

सुंदर गोष्ट! अमरावतीत, आणि तीही मे महिन्यात! इशिताला पुण्यात बसून काय सुचेल सांगता येत नाही. फोनवर म्हणाली, ‘आई, घर विकून इकडे येणारच आहेस, तर तोवर रोज तिथली एक सुंदर गोष्ट लिहून ठेव. बागेतली, गावातली. नंतर वाचायला बरं वाटेल.’

जन्मभर पोरांचे निबंध तपासले. ‘माझे सुंदर गाव’ इतके तपासले की सुंदर हा शब्द दिसला की हात लाल पेनाकडे जातो.

आजची सुंदर गोष्ट — कूलरचा पंप जळला.

१३ मे

बँकेच्या कामाला राजकमल चौकात गेले होते. धूळ, हॉर्न, आणि एवढ्या उन्हात लोक उभ्या-उभ्या गरम आलूबोंडे खातायत. या गावाला स्वतःच्या जिवाचीही दया नाही.

कॅम्प भागात बहावा फुललाय. फुलू दे. खाली लावलेल्या गाड्या पिवळ्या झाल्या होत्या आणि एक जण शिव्या देत काच पुसत होता. बराच वेळ तिथे उभी होते. रिक्षा मिळत नव्हती म्हणून.

१५ मे

चोर सापडला. रोज पहाटे माझा पांढरा चाफा अर्धा रिकामा होतो, तगरीला तर नावाला फूल राहत नाही. आज दाराआड उभी राहिले. गल्लीच्या टोकाची गोदाबाई! वलगावचं शेत भावाच्या ताब्यात देऊन इथे पोराकडे राहायला आलीय. हातात बांबूची आकडी, खांद्याला खताच्या दुकानाची पिशवी. माझ्याच कुंपणावर पाय देऊन माझीच फांदी ओढतेय!

‘विचारायची पद्धत आहे की नाही?’ म्हटलं.

‘देवाच्या फुलाले काय विचारा लागते, बाई?’

वर मलाच विचारते. मी म्हटलं, या गावात माझा जीव घुसमटतो, घर विकून पोरीकडे जाणार आहे एकदाची. अशा लोकांतून सुटणार, हे एक बरं.

१७ मे

घर घेणारे खुशालराव आले होते. वरूडचा संत्र्याचा मोठा व्यापार. घर पसंत. मी म्हटलं, मग याच आठवड्यात करून टाकू. तर गृहस्थ दोन्ही हात जोडून म्हणतात, ‘नाई म्याडम, आजपासून धोंडा लागला. धोंड्याच्या महिन्यात आमी घराचा सौदा करत नाई. सरला का लगेच रजिस्ट्री.’

एवढी मोठी गाडी, मोबाइल दोन, आणि अधिक महिन्याला घाबरतात. बसा आता महिनाभर या भट्टीत.

१९ मे

फाटकावर पाटी लावली. ठळक अक्षरात — ‘फुले तोडू नयेत.’ गोदाबाईने त्या पाटीच्या खिळ्याला पिशवी अडकवली आणि दोन्ही हात मोकळे करून फुलं तोडली. मी खिडकीतून पाहत होते.

मग बाहेर जाऊन विचारलं, तेव्हा कळलं. बाईने महादेवाला लाखोली बोललीय, धोंड्याच्या महिन्यात लाख फुलं वाहायची. लाख! माझ्या बागेला जन्मात तेवढी लागली नसतील. तसं म्हटलं तर म्हणे, ‘नाई पुरले तं तांदूळ वाहीन. दाना दाना मोजून.’

नवस कशाचा? ‘ते सांगू नाई. सांगतलं का फयत नाई.’

पोराला नोकरी नाहीतर नातू. दुसरं काय असणार. मी म्हटलं, हवं तेवढं लुटा. मी सुटणार आहे एकदाची. तिने आणखी एक फांदी खाली ओढली.

२४ मे

मोगरा माठात टाकला. पाण्याला वास लागतो. इशिताच्या वहीसाठी नाही. फुलं वाया जातात म्हणून.

२९ मे

अकोल्याला मंजुषाचा निरोप घ्यायला गेले. एसटीच्या खिडकीतून भट्टीसारखा वारा. मंजुषा धाकटी बहीण, पण बोलणं थोरलीचं. ‘बरं झालं सिंधू, सुटलीस. काय ठेवलंय त्या अमरावतीत?’

आणि मी काय करावं? तावातावाने सांगत सुटले! वडाळीच्या तलावावर संध्याकाळी वारा येतो, माझा चाफा पानं नसताना फुलतो, आमच्या गल्लीत सकाळी कोकिळेमुळे झोप लागत नाही. मंजुषा हसत होती. मला माझीच लाज वाटली. ऊन डोक्यात गेलं असावं. अकोल्याचं ऊन वाईटच.

६ जून

दोन दिवस चोर आला नाही. अंगणभर चाफा पडून तपकिरी झालाय. पाहवत नाही. चौकशी केली, मुद्दाम नाही, दूधवाल्याकडे सहज. गोदाबाईला ऊन लागलंय म्हणे. लागणारच, अनवाणी हिंडल्यावर!

कचरा नको म्हणून ताजी फुलं वेचून पिशवीत भरली आणि तिच्या दाराला अडकवून आले. कचरा नको म्हणूनच.

१५ जून

आज अमावस्या, धोंडा सरला. खुशालराव संध्याकाळीच टेप घेऊन हजर. बागेत फिरले, चाफ्याच्या बुंध्यावर थाप मारली. ‘रजिस्ट्री झाली का हे पह्यले तोडा लागन. इथं गाडी उभी राहीन. बाकी सगळे फरशी टाकून टाकू, कचऱ्याचं कामच नाई.’

त्यांचं काय चुकलं? कचराच म्हणते मीही. याच वहीत लिहिलंय.

पण तोंडातून निघून गेलं, ‘मला विकायचं नाही.’ गृहस्थ चिडले, आणि चिडणारच. इशिताही फोनवर चिडली, ‘आई, एका झाडासाठी?’ कधीची रडतेय, आणि का ते नीट सांगता येत नाही. मला इथून जायचं नाही. पहिल्यापासूनच जायचं नव्हतं.

१६ जून

सकाळी गोदाबाई प्रसाद घेऊन आली. अजून थकलेली दिसते. लाखोली पुरी झाली म्हणाली, शेवटी तांदूळच मोजले. आता नवस सांगायला हरकत नाही. ‘तुमचा जीव इथं घुसमटते ना बाई? म्हून महादेवाले म्हनलं, हिचं घर लवकर विकू दे, पोरीजवळ सुखानं जाऊ दे.’

मला कुठे पाहावं कळेना. म्हटलं, ‘गोदाबाई, मी जात नाही. काल मोडला सौदा.’

ती मटकन पायरीवर बसली. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. मग चाफ्याकडे बघत हळूच म्हणाली, ‘मंग उद्या फुलं तोडू का?’

पहिल्यांदाच विचारलं तिने. तोडा म्हटलं.